‘जरा अहवाल टाका’ म्हणजे नेमकं काय करायचं?

“साहेब म्हणाले, जरा अहवाल टाका. टाका म्हणजे व्हॉट्सॲपवर टाकू, की टाइप करून सहीनिशी देऊ?” हिंगणघाटच्या जिनिंगमधले सुपरवायझर असोत, आर्वीकडच्या शाळेतल्या शिक्षिका असोत, की सेलू तालुक्यात ग्रामपंचायतीत नुकतेच रुजू झालेले कर्मचारी असोत, थोड्याफार फरकानं सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. काम उत्तम येतं, दिवसभर उन्हात उभं राहून ते केलेलंही असतं. पण लिहायला बसलं की पेन अडतं. मग जुन्या फाइलमधला एखादा अहवाल काढायचा, नावं आणि तारखा बदलायच्या आणि पुढं पाठवायचा. कधीकधी तारीखही बदलायची राहून जाते.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे. कोणता अहवाल तोंडी किंवा फोनवर चालतो, कोणता कागदावरच हवा, त्यात काय लिहायचं, काय टाळायचं आणि कोणी दबाव आणला तर तुमच्या हातात काय असतं, एवढंच इथं पाहू.

आधी ठरवा: वाचणारा कोण, आणि कधी वाचणार?

अनौपचारिक अहवाल आज, ओळखीच्या माणसासाठी असतो. त्याला जागा, माणसं, मागचा संदर्भ सगळं ठाऊक असतं. औपचारिक अहवाल मात्र असा माणूस वाचतो, जो तिथं नव्हता, तुम्हाला ओळखत नाही आणि कदाचित तीन वर्षांनी फाइल उघडणार आहे. तेव्हा तुमची बदली झालेली असेल. ‘नाल्याजवळचं ते काम’ म्हणजे कोणतं, हे सांगायला तिथं कोणी नसेल.

मनात शंका असेल तर स्वतःला हे विचारा:

- यात पैसा, माल किंवा साहित्य गुंतलंय का?
- कुणाला इजा झाली का, किंवा थोडक्यात टळली का?
- कुणाविरुद्ध तक्रार आहे का? एखादा नियम किंवा करार मोडला गेलाय का?
- हा मजकूर तुमच्या साहेबांच्या पुढं, म्हणजे तहसील, जिल्हा परिषद, विमा कंपनी, बँक किंवा न्यायालयापर्यंत जाऊ शकतो का?

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर फोन तातडीनं करा आणि लेखी अहवालही द्या. फोन केला म्हणून कागद टळत नाही. चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर दोन ओळींचा संदेश पुरेसा आहे. त्यासाठी तीन पानं लिहून साहेबांचा आणि आपला वेळ दवडू नका.

अनौपचारिक म्हणजे कसंही लिहिलेलं नव्हे

‘झालं साहेब.’ ‘पाहून आलो, ठीक आहे.’ असे संदेश रोज हजारोंनी जातात आणि त्यांतून काहीच कळत नाही. चांगला संदेश असा असतो:

“नमस्कार सर. आज सकाळी १०.३० ला देवळी रोडच्या गोदामाला भेट दिली. उत्तरेकडचे दोन पत्रे उखडलेत, खालच्या अंदाजे १५ गठाणी ओल्या झाल्यात. त्या बाजूला काढून ठेवल्या. पत्रे बसवणारा उद्या ९ ला येतोय. ताडपत्री आज हवी, मंजुरी द्यावी.”

कुठं, कधी, काय दिसलं, तुम्ही काय केलं आणि समोरच्यानं काय करायचं, एवढं यात आलं. शेवटचा मुद्दा बहुतेकजण विसरतात. साहेबांनी अंगठा दाखवला तर त्याचा अर्थ ‘पाहिलं’ असा, की ‘मंजूर’ असा, हे कळायला मागणी स्पष्ट लिहिलेली हवी.

काही गोष्टी सांभाळा. व्हॉइस नोट सोयीची वाटते, पण ती नंतर शोधता येत नाही आणि फाइलला लावता येत नाही. फोटो पाठवताना खाली जागा आणि वेळ लिहा, नाहीतर ओल्या गठाणीचा फोटो कोणत्याही गोदामातला असू शकतो. आपोआप पुसले जाणारे संदेश कामाच्या गटात बंद ठेवा. आणि रुग्णाचं नाव, विद्यार्थिनीची तक्रार, कुणाचा आधार क्रमांक अशी माहिती पन्नास जणांच्या गटावर कधीही टाकू नका. ती एकाच जबाबदार व्यक्तीकडं, तीही गरजेपुरतीच जावी.

मला चांगली आठवते अशी एक घटना आहे. एका कार्यालयात अभिलेख खोलीचं छत गळत होतं. तिथल्या कंत्राटी कर्मचाऱ्यानं पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तीनदा फोनवर कळवलं. प्रत्येक वेळी ‘बघतो’ असं उत्तर आलं. श्रावणात एका रात्री जोराची झड लागली, कपाटातले दस्त भिजले आणि कारणे दाखवा नोटीस निघाली ती त्याच कर्मचाऱ्याच्या नावानं. तीन फोन झाले होते, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडं एक ओळही नव्हती. फोन ठेवल्यावर लगेच ‘आता फोनवर कळवल्याप्रमाणे अभिलेख खोलीचं छत दक्षिण कोपऱ्यात गळत आहे’ एवढा संदेश त्यानं केला असता, तरी तो वाचला असता.

अशा संदेशांना कायद्यानंही महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा मानली जाते. मात्र ती न्यायालयात मांडताना विहित प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून महत्त्वाचा संदेश फोनमध्येच जपून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

तुमच्याकडून नेमकं काय मागितलंय?

बडे बाबू जे शब्द सहज वापरतात, त्यांचे अर्थ नव्या माणसाला कुणी समजावून सांगत नाही. पत्र हातात आलं की आधी हा शब्द शोधा:

- वस्तुस्थितीदर्शक अहवाल: जे आहे तेवढंच. मत नको, शिफारस नको.
- स्वयंस्पष्ट अहवाल: मागची फाइल न उघडता सगळं कळलं पाहिजे. बहुधा तुमचा अभिप्रायही अपेक्षित असतो.
- अनुपालन अहवाल: आधीच्या आदेशातला किंवा तपासणीतला प्रत्येक मुद्दा आणि त्यावर काय केलं, त्याच क्रमानं.
- प्रगती अहवाल: उद्दिष्ट, साध्य, उरलेलं काम आणि ते उरण्याचं कारण.
- निरंक अहवाल: माहिती शून्य असली तरी ‘निरंक’ असं लिहून पाठवायचं. न पाठवणं आणि निरंक पाठवणं यांत फार फरक आहे.
- इतिवृत्त: बैठकीत काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत.
- खुलासा: हा अहवाल नव्हेच. तुमच्यावर ठेवलेल्या आरोपाला तुमचं उत्तर. तो घाईत, रागात किंवा दुसऱ्याकडून लिहून घेऊन देऊ नका.

मागणीच समजली नसेल तर विचारा. विचारल्यानं कमीपणा येत नाही. चुकीचा अहवाल पाठवून तो परत आला, तर दोन्हीकडचा आठवडा जातो.

औपचारिक अहवालाचा सांगाडा

१. कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, दिनांक.
२. प्रति: पदनाम आणि कार्यालय. व्यक्तीचं नाव नको, माणसं बदलतात.
३. विषय.
४. संदर्भ: कोणत्या पत्रावरून, कोणत्या तारखेच्या फोनवरून किंवा संदेशावरून.
५. पहिल्याच परिच्छेदात मुख्य निष्कर्ष.
६. घटनाक्रम किंवा निरीक्षणं, परिच्छेदांना क्रमांक देऊन.
७. केलेली कार्यवाही.
८. अभिप्राय किंवा शिफारस, मागितली असेल तर.
९. सही, नाव, पदनाम. सोबत जोडलेल्या कागदांची यादी. प्रत कुणाला.

यातल्या विषयाच्या ओळीवर वेळ घालवा. ‘अहवाल सादर करणेबाबत’ हा विषय होऊ शकत नाही, कारण कपाटातल्या निम्म्या कागदांवर तेच लिहिलेलं असतं. ‘मौजा अमुक येथील जि. प. शाळेच्या स्वयंपाकगृहाच्या छतगळतीबाबत वस्तुस्थितीदर्शक अहवाल’ असं लिहिलं, तर तो कागद पाच वर्षांनीही सापडेल.

निष्कर्ष आधी आणि तपशील नंतर, हे पटत नसेल तर आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम असे एकाहून एक विचारी आणि आपापल्या मतांचे लोक त्यात होते. तरीही समितीनं २ डिसेंबर १९३७ ला, म्हणजे जेमतेम चाळीस दिवसांत अहवाल दिला. आधी शिक्षण योजनेची तत्त्वं आणि चौकट मांडली. बारीकसारीक अभ्यासक्रमाचं काम पुढच्या टप्प्यासाठी ठेवलं. त्यामुळं फेब्रुवारी १९३८ च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासमोर निर्णय घेण्याजोगा मजकूर वेळेत होता. समितीनं सगळे तक्ते पूर्ण होईपर्यंत अहवाल अडवला असता, तर निर्णयही अडला असता. तुमच्या अहवालातही आकड्यांचे लांब तक्ते, जबाब, छायाचित्रं परिशिष्टात टाका. पहिल्या पानावर साहेबांना निर्णय घेता आला पाहिजे.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. बहुतेक अहवाल इथंच फसतात, आणि नुकसानही इथंच होतं.

समजा, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली. सहसा असा अहवाल येतो:

“काल रात्री अचानक शॉर्टसर्किट झाल्याने कापसाच्या गंजीला भीषण आग लागून मोठे नुकसान झाले. कामगारांच्या निष्काळजीपणामुळे आग पसरली. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.”

चार ओळी, आणि एकही टिकणारी नाही. ‘काल’ म्हणजे कधी? शॉर्टसर्किट होताना कुणी पाहिलं? ‘मोठे’ म्हणजे किती क्विंटल? ‘निष्काळजीपणा’ हा तर थेट आरोप आहे. कुणाचा, कोणता, काहीच नाही. रात्रपाळीतल्या सहा मजुरांची रोजी या एका शब्दावर जाऊ शकते. आणि ‘योग्य ती कार्यवाही’ कुणी करायची, याचा पत्ता नाही.

आता तीच घटना अशी लिहा:

“दि. १४ डिसेंबर रोजी रात्री ११.४० वाजता गंजी क्र. ३ मधून धूर येताना पहारेकऱ्याने पाहिला व मला फोनवर कळवले. मी ११.५५ वाजता पोहोचलो, तेव्हा गंजीची पूर्वेकडील बाजू जळत होती. साठा नोंदवहीनुसार त्या सायंकाळी या गंजीत २१० क्विंटल कापूस होता. आग लागताना मी पाहिलेली नाही. दिव्याच्या तारेतून ठिणगी पडल्याचे पहारेकरी सांगतात. त्यांचा जबाब परिशिष्ट २ म्हणून जोडला आहे. गंजी तारेखाली लावली होती, हे छायाचित्र १ मध्ये दिसते. माझ्या मते तारेखालची जागा हे आगीचे संभाव्य कारण आहे. अंतिम कारण विद्युत निरीक्षकांच्या तपासणीतून ठरावे. उर्वरित गंज्या तारेपासून दूर हलवण्यास मंजुरी मिळावी.”

इथं पाहिलेलं, नोंदवहीतलं, दुसऱ्यानं सांगितलेलं आणि स्वतःचं मत यांतलं काय कुठं आहे, हे विमा कंपनीच्या सर्वेक्षकालाही कळतं आणि पोलिसालाही. ‘आग लागताना मी पाहिलेली नाही’ हे वाक्य लिहायला लोक घाबरतात. उलट त्याच वाक्यामुळं बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

आणि गंजी तारेखाली लावायला तुम्हीच सांगितलं असेल तर? तेही लिहा. दुसऱ्या कुणाच्या जबाबात ते येणारच आहे. तेव्हा आगीपेक्षा तुमच्या लपवण्याचीच चौकशी आधी होईल.

अपघातात माणूस जखमी झाला असेल, तर अहवाल आणखी काळजीनं लिहा. इजेमुळं कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकत नसेल, तर औद्योगिक सुरक्षा यंत्रणेला तशी सूचना देणं व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. ‘किरकोळ लागलं’ असा शेरा मारून प्रकरण मिटवलं, तर पुढं भरपाईच्या वेळी त्या कामगाराच्या हाती काहीच राहत नाही.

शेतीच्या नुकसानीचा पंचनामा हाही एक अहवालच. सोयाबीन तीन दिवस पाण्याखाली राहिलं, कपाशी आडवी झाली, आणि पंचनाम्यात ‘बऱ्यापैकी नुकसान’ असं लिहिलं गेलं, तर त्याचा काय उपयोग? शासनाच्या मदतीसाठी ३३ टक्के नुकसानीची मर्यादा पाहिली जाते. गट क्रमांक, पेरलेलं क्षेत्र, पाणी किती दिवस साचलं, पिकाची अवस्था आणि नुकसानीची टक्केवारी हे आकडे तिथंच, बांधावर उभं राहून लिहिले पाहिजेत. शेतकरी वाचकहो, सही किंवा अंगठा देण्यापूर्वी पंचनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

भाषा

‘करण्यात आले’, ‘घेण्यात आली’, ‘कळविण्यात येते’ या रचनेला सरकारी कागदावर मोठा मान आहे, पण त्यात करणारा गायब होतो. पंप बंद करण्यात आला. कोणी केला? जिथं जबाबदारीचा प्रश्न आहे, तिथं ‘मी पंप बंद केला’ असं सरळ लिहा. ‘त्वरित’ऐवजी तारीख लिहा, ‘अनेक’ऐवजी संख्या लिहा.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ नुसार राज्य शासनाचा कारभार मराठीत चालतो, तेव्हा अहवाल मराठीतच लिहा. योग्य शब्दासाठी भाषा संचालनालयाचे ‘शासन व्यवहार कोश’ आणि ‘प्रशासन वाक्प्रयोग’ हाताशी ठेवा. मात्र जिनिंग, ट्रान्सफॉर्मर, बिल असे रुळलेले शब्द ओढूनताणून बदलू नका. केंद्र सरकारच्या कार्यालयांत राजभाषेचे नियम वेगळे आहेत. तिथं हिंदी किंवा इंग्रजी अहवाल मागितला जातो, तेव्हा आधी विचारून घ्या.

दबाव आला तर

‘मागची तारीख टाका.’ ‘ही ओळ काढा.’ ‘मी लिहिलंय, तुम्ही फक्त सही करा.’ अशा दबावाबद्दल विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. उत्तरं सोपी आहेत, अमलात आणणं अवघड आहे, हे मला माहीत आहे.

- मागची तारीख टाकू नका. उशीर झाला असेल तर आजची तारीख टाका आणि उशिराचं कारण एका ओळीत लिहा. उशिराबद्दल बोलणी बसतील. खोट्या तारखेनं नोकरी जाऊ शकते.
- कोऱ्या कागदावर सही नको. दुसऱ्यानं लिहिलेल्या अहवालावर सही करण्याआधी पूर्ण वाचा. एखादा मुद्दा मान्य नसेल, तर सहीच्या वर तसं लिहून मग सही करा.
- तोंडी आदेश लेखी करून घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या नियम ३ नुसार वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यायचा असतो. ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यायचा असतो. म्हणजे ‘सकाळी दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार कार्यवाही करत आहे, कृपया पुष्टी व्हावी’ असं लिहिणं हा उद्धटपणा ठरत नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत, ते पाहून घ्या.
- चूक झाली तर खोडून गिरवू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, लघुस्वाक्षरी आणि तारीख टाका. अहवाल गेला असेल तर शुद्धिपत्र पाठवा.
- पोच घ्या. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख असेल, तरच अहवाल दिला असं समजा.

अहवाल दिला आणि फाइल हललीच नाही, अशीही तक्रार येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायदा आहे. त्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडं सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. स्मरणपत्र लिहिताना आपल्या पहिल्या अहवालाचा जावक क्रमांक आणि तारीख जरूर द्या.

तुमच्याविषयीचा अहवाल तुम्हाला पाहता येतो का?

बऱ्याच प्रकरणांत हो. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येतच अहवाल, ईमेल, मतं आणि सल्ले यांचा समावेश आहे. सार्वजनिक कार्यालयाकडं दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. चौकशी चालू असताना किंवा दुसऱ्याची खासगी माहिती गुंतलेली असताना नकार मिळू शकतो, पण त्याचं कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. खासगी कारखान्याला हा कायदा थेट लागू नाही. त्यानं सरकारी खात्याकडं दिलेला अहवाल मात्र त्या खात्याकडून मागता येतो.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार असेल, तर २०१३ च्या कायद्यात अहवालाचं वेळापत्रकच दिलंय. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. समितीनं नव्वद दिवसांत चौकशी संपवायची, पुढच्या दहा दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो तक्रारदार महिलेलाही मिळाला पाहिजे. मालकानं साठ दिवसांत शिफारशींवर कार्यवाही करायची. दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यामुळं अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. ‘अहवाल गोपनीय आहे, तुम्हाला देता येणार नाही’ असं उत्तर कुणी दिलं, तर ते चूक आहे. गोपनीयता बाहेरच्यांसाठी आहे, तक्रारदारासाठी नाही.

तुमच्या टेबलावर आत्ता एखादा अहवाल अर्धवट पडला असेल, तर आज त्याची विषयाची ओळ नीट लिहा आणि जे स्वतः पाहिलं तेवढं आधी कागदावर उतरवा. बाकीचं उद्या जोडता येईल. परवा कार्यालय सुटायच्या आत जावक क्रमांक घ्या, आणि तुमच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.